वाटाण्याएवढ्या ग्रंथीचा कारभार

बहुतेक शाळांत असा एखादा विद्यार्थी असतो की जो दरवर्षी पहिल्याच रांगेत उभा राहतो. बरोबरीची मुले इयत्तेबरोबर उंचीनेही वाढत जातात. हा मात्र चौथीत होता जवळजवळ तेवढाच सहावीतही दिसतो. “घराण्याचीच ठेवण लहान” किंवा “खाल्लेले अंगी लागत नाही” असे घरची मंडळी म्हणतात आणि पुष्कळदा ते खरेही असते. तथापि काही थोड्या मुलांच्या बाबतीत या खुंटलेल्या वाढीचे कारण ताटातही नसते आणि घराण्यातही नसते. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या एका ग्रंथीत असते.

या ग्रंथीस मराठीत पोष ग्रंथी म्हणतात. शालेय पुस्तकांत ती पीयूषिका या नावाने भेटते, तर डॉक्टरांच्या बोलण्यात पिट्युइटरी या नावाने. तिचे वजन सुमारे अर्धा ग्रॅम. परंतु शरीराची वाढ, वयात येणे, अपत्यप्राप्ती, मातेचे दूध, आजारपणात तग धरण्याची शक्ती, इतकेच नव्हे तर शरीरातील पाण्याचा हिशोब, या सर्वांवर तिचा अंमल चालतो. तिच्या बिघाडाचे वैशिष्ट्य असे की तो बहुधा एकाएकी उघड होत नाही. तो वर्षानुवर्षे हळूहळू बाहेर दिसू लागतो. म्हणूनच माणसांना वर्षानुवर्षे पाहणारे शिक्षक, आशा कार्यकर्त्या व पंचायत सदस्य यांना या ग्रंथीची तोंडओळख असणे अगत्याचे आहे.

स्थान व रचना

नाकाच्या मुळापासून सरळ मागे जाणारी एक रेषा आणि एका कानशिलापासून दुसऱ्या कानशिलापर्यंत जाणारी दुसरी रेषा कल्पिली, तर त्या जेथे एकमेकींना छेदतील त्याच्या आसपास पोष ग्रंथी असते. कवटीच्या तळाशी असलेल्या हाडात खोगिरासारखा एक खळगा आहे. त्यात ती सुरक्षित बसलेली असते. या खळग्यास शरीरशास्त्रज्ञांनी ‘तुर्की खोगीर’ असेच नाव दिले आहे. वरच्या बाजूस एका बारीक देठाने ती मेंदूच्या अधश्चेतक नावाच्या भागास जोडलेली असते. तिच्या दोन्ही अंगांनी मेंदूकडे रक्त नेणाऱ्या प्रमुख रोहिण्या जातात आणि तिच्या किंचित वर, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंची फुली असते. हा शेजार लक्षात ठेवावा. त्याचे महत्त्व पुढे दिसून येईल.

पोष ग्रंथी दिसावयास एक असली तरी तिचे दोन खंड आहेत आणि त्यांचा उगमही भिन्न आहे. गर्भावस्थेत तोंडाच्या पोकळीच्या छताचा एक भाग वर सरकतो आणि त्यापासून पुढचा खंड तयार होतो. मागचा खंड मात्र मेंदूचाच खाली उतरलेला भाग असतो. पुढचा खंड स्वतः स्राव निर्माण करतो, म्हणजे तो कारखाना आहे. मागचा खंड अधश्चेतकात तयार झालेले स्राव साठवून वेळेवर सोडतो, म्हणजे ते गोदाम आहे.

या ग्रंथीविषयीची जुनी समजूत मनोरंजक आहे. मेंदूतील कफ या ग्रंथीवाटे गळून नाकात उतरतो, असे प्राचीन ग्रीक वैद्य गेलन याच्यापासून मानले जात होते. १५४३ मध्ये आपला शरीररचनेवरील ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या व्हेसेलियसनेही तेच मत स्वीकारले. लॅटिन भाषेत ‘पिट्युइटा’ म्हणजे कफ. त्यावरून हे नाव पडले. सतराव्या शतकात ही कल्पना खोडून काढण्यात आली, नाव मात्र टिकून राहिले.

आदेश आणि अहवाल

शरीरातील काही ग्रंथी आपला स्राव नळीवाटे न सोडता थेट रक्तात मिसळतात. या स्रावांना हॉर्मोन अथवा संप्रेरक म्हणतात. ‘हॉर्मोन’ हा शब्द इंग्लंडचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये रूढ केला.

पोष ग्रंथीच्या पुढच्या खंडातून सहा प्रमुख संप्रेरके निघतात. एक हाडांच्या व स्नायूंच्या वाढीस चालना देते. त्याचा मोठा भाग गाढ झोपेत स्रवतो. दुसरे गळ्यातील अवटू म्हणजे थायरॉइड ग्रंथीस कामास लावते. तिसरे मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसॉल हे जीवनावश्यक संप्रेरक तयार करावयास सांगते. चौथे व पाचवे स्त्रियांच्या बीजकोशांचे आणि पुरुषांच्या वृषणांचे काम चालवितात. प्रोलॅक्टिन नावाचे सहावे मातेच्या स्तनांत दूध निर्माण करविते.

हा कारभार कसा चालतो हे शासकीय कामकाजाशी परिचित असलेल्या वाचकांना सहज समजेल. अधश्चेतक हे मंत्रालय मानले, तर पोष ग्रंथी हे जिल्हा कार्यालय आणि अवटू, अधिवृक्क इत्यादी ग्रंथी ही तालुक्याची कार्यालये होत. वरून आदेश खाली जातात आणि केलेल्या कामाचा अहवाल रक्तावाटे वर येतो. अवटूचा स्राव रक्तात पुरेसा झाला की पोष ग्रंथी आपला आदेश सौम्य करते. तो कमी पडला की आदेशाचा जोर वाढविते. यामुळे रक्तातील संप्रेरकांचे प्रमाण ठराविक मर्यादेत राहते.

मंत्रालयाचा आदेश जिल्ह्यास पोहोचविणारी व्यवस्थाही स्वतंत्र आहे. अधश्चेतकातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत मिसळलेले संप्रेरक देठातील खास नीलांवाटे थेट पुढच्या खंडात उतरते. ही रासायनिक आदेशव्यवस्था जेफ्री हॅरिस यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास प्रयोगांनी दाखवून दिली. पुढे गियमँ आणि शॅली या दोन शास्त्रज्ञांनी मेंढ्या व डुकरे यांचे मेंदू फार मोठ्या संख्येने गोळा करून ही संप्रेरके अत्यल्प प्रमाणात वेगळी केली. १९७७ च्या नोबेल पारितोषिकाचे ते मानकरी ठरले.

गोठा आणि तळे

मागच्या खंडातून दोन संप्रेरके सुटतात. त्यांपैकी व्हॅसोप्रेसिन मूत्रपिंडांस पाणी राखून ठेवण्यास सांगते. दुसरे ऑक्सिटोसिन, ते प्रसूतीच्या वेळी गर्भाशयाचे आकुंचन घडविते आणि स्तनांत तयार असलेले दूध बाहेर सोडते. याचे प्रत्यंतर कोणत्याही गोठ्यात मिळते. वासराने आचळास ढुशी दिली की गाय पान्हावते, म्हणजे त्या स्पर्शाचा संदेश मेंदूस पोहोचून ऑक्सिटोसिन रक्तात येते. अनोळखी माणूस धारेस बसला अथवा जनावर बुजले तर ते पान्हा चोरते, कारण भीतीच्या वेळी स्रवणारी संप्रेरके या क्रियेस आड येतात. स्त्रियांच्या बाबतीतही हे लागू आहे. नुकत्याच बाळंत झालेल्या मातेस निवांतपणा व धीर मिळावा, या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या आग्रहामागे असा शास्त्रीय आधार आहे.

गावतळ्यातील मत्स्यशेतीचाही या ग्रंथीशी जवळचा संबंध आहे. कटला, रोहू, मृगळ हे मासे तळ्यात वाढतात; परंतु नदीचे वाहते पाणी मिळाल्याखेरीज ते सहसा अंडी घालत नाहीत. त्यामुळे मत्स्यबीज पूर्वी नद्यांतून गोळा करावे लागे आणि त्यात नको असलेल्या जातीही मिसळलेल्या असत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांच्याच पोष ग्रंथीचा अर्क टोचून या जातींचे प्रजनन घडवून आणले. त्या दिवसाची स्मृती म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन पाळला जातो. आता अर्काऐवजी अधश्चेतकाच्या संप्रेरकासारखे कृत्रिम औषध टोचण्याची पद्धत रूढ झाली आहे. ते माशाच्या स्वतःच्या पोष ग्रंथीस जागे करते. वरचा आदेश मिळताच खालची कार्यालये कामास लागावीत, तसाच हा प्रकार होय.

आदेश थांबला तर

पोष ग्रंथी दुबळी झाली म्हणजे खालच्या ग्रंथी निरोगी असूनही निष्क्रिय होतात. याचे आपल्या ग्रामीण भागाशी निगडित असे एक महत्त्वाचे उदाहरण बाळंतपणाचे आहे. गरोदरपणात ही ग्रंथी बरीच मोठी होते. तिच्या पुढच्या खंडास रक्त मुख्यतः देठातील नीलांवाटे, कमी दाबाने मिळते. प्रसूतीच्या वेळी अतोनात रक्तस्राव होऊन रक्तदाब खालावला, तर वाढलेल्या ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटतो आणि तिचा मोठा भाग मृत होतो. हा विकार इंग्लंडचे डॉक्टर शीहान यांनी १९३७ मध्ये विशद केला व तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

अशी माता रक्तस्रावातून वाचते, परंतु तिला दूध येत नाही. पुढे मासिक पाळीही परत सुरू होत नाही. थकवा, थंडी सहन न होणे, भूक मंदावणे, काखेतील केस विरळ होणे अशी लक्षणे सावकाश दिसू लागतात. “बाळंतपणापासून ती सावरलीच नाही” एवढेच घरचे लोक म्हणतात. अशी कित्येक वर्षे जातात आणि मग एखाद्या साध्या तापात अथवा जुलाबात ती अकस्मात बेशुद्ध होते, कारण कॉर्टिसॉलच्या अभावी शरीरास आजाराचा ताण पेलवत नाही. खेदाची गोष्ट ही की, वेळीच निदान झाल्यास नियमित गोळ्यांनी ती जवळजवळ सर्वसाधारण जीवन जगू शकली असती. अशा स्त्रीच्या बाबतीत थायरॉइडची केवळ टीएसएच ही एकच तपासणी करून भागत नाही. टीएसएच हा पोष ग्रंथीचाच स्राव असल्याने ग्रंथी दुबळी असता त्याचा आकडा वरकरणी ठीक दिसू शकतो. म्हणून बाळंतपणातील रक्तस्रावाची हकिगत डॉक्टरांना आवर्जून सांगितली पाहिजे.

घोणस या सापाच्या दंशानेही काही रुग्णांची पोष ग्रंथी अशीच निकामी झाल्याचे म्यानमारमध्ये व भारतात आढळले आहे. घोणस आपल्या शेताबांधांवरचीच आहे. दंशातून बरा झालेला माणूस नंतर महिनोन्‌महिने निस्तेज व अशक्त राहिला, तर या शक्यतेचा विचार व्हावा.

व्हॅसोप्रेसिन कमी पडल्यास उदकमेह होतो. रुग्णास अनावर तहान लागते व पाण्यासारखी स्वच्छ लघवी वारंवार होते, मात्र लघवीत साखर नसते.

आदेश वाढला तर

ग्रंथीत गाठ होऊन वृद्धी-संप्रेरक अतिरिक्त प्रमाणात स्रवू लागले, तर वाढत्या वयात राक्षसी उंची येते. अमेरिकेतील रॉबर्ट वॉडलो (१९१८-१९४०) यांची उंची २७२ सेंटिमीटर भरली होती. प्रौढ वयात हाडांची लांबी वाढू शकत नाही; त्याऐवजी हात-पाय व जबडा रुंदावतो. फ्रान्सचे पिएर मारी यांनी १८८६ मध्ये या विकाराचे वर्णन केले. अंगठी बोटात न जाणे, दरवेळी वहाणेचे माप वाढणे, जुन्या छायाचित्रातील चेहरा निराळा वाटणे, या त्याच्या खुणा होत. रोज पाहणाऱ्या घरच्या माणसांना हा बदल जाणवत नाही. काही वर्षांनी भेटणाऱ्यास तो चटकन दिसतो.

गाठ वरच्या दिशेने वाढल्यास डोळ्यांच्या मज्जातंतूंच्या फुलीवर दाब येतो. समोरचे नीट दिसते, पण दोन्ही बाजूंचे दिसेनासे होते. माणूस दाराच्या चौकटीस धडकतो, बगलेतून येणारे वाहन त्याला दिसत नाही आणि चष्मा बदलूनही उपयोग होत नाही. यातील बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. प्रोलॅक्टिन स्रवणाऱ्या गाठी बहुधा गोळ्यांनीच आकसतात. इतर अनेक गाठी नाकावाटे शस्त्रक्रिया करून काढता येतात. हा मार्ग प्रथम १९०७ मध्ये अवलंबिण्यात आला.

आपण काय करू शकतो

यासाठी शिक्षकांपाशी एक साधे साधन आहे: भिंतीवरील मोजपट्टी. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल दरवर्षी सुमारे ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. मोजणी दरवर्षी एकाच महिन्यात, अनवाणी उभे करून करावी व मागील नोंदीशी ताडून पाहावी. केवळ ठेंगणेपणा हा आजार नव्हे. परंतु वर्षभरातील वाढ ४ सेंटिमीटरहून कमी भरली, तर त्या मुलाची वैद्यकीय तपासणी करवून घ्यावी. कारण बहुधा कुपोषण, दीर्घकालीन आजार किंवा अवटूची मंदता हे निघेल, आणि त्यांवरही उपाय आहेत. क्वचित ते पोष ग्रंथीत सापडेल. अशा मुलांसाठी वृद्धी-संप्रेरक पूर्वी मृत व्यक्तींच्या ग्रंथींतून काढीत. त्यातून काही रुग्णांना मेंदूचा घातक रोग झाल्याचे १९८५ मध्ये उघडकीस आले आणि तेव्हापासून ते जैवतंत्राने तयार होऊ लागले. हे उपचार खर्चिक आहेत आणि त्यांना काळाचे बंधन आहे. वयात आल्यानंतर हाडांची टोके सांधली गेली की उंची वाढविता येत नाही. म्हणून चौथीत लक्षात आलेली गोष्ट दहावीपर्यंत लांबणीवर टाकणे म्हणजे त्या मुलाची संधी घालविणे होय.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेस भेट देते, त्या वेळी ही नोंदवही पुढे ठेवावी. आशा कार्यकर्त्यांनी प्रसूतीत मोठा रक्तस्राव झालेल्या मातांची स्वतंत्र आठवण ठेवावी आणि दूध व पाळी यांविषयी विचारपूस करावी. पंचायत सदस्यांनी प्रत्येक प्रसूती रुग्णालयात होईल आणि त्यासाठी वाहन वेळेवर मिळेल, याची दक्षता घ्यावी. कारण रक्तस्राव तत्काळ थांबविणे हाच शीहानच्या विकारावरील खरा प्रतिबंध आहे.

पोष ग्रंथीचे निदान व उपचार हे तज्ज्ञांचे काम आहे. परंतु तज्ज्ञापुढे रुग्ण एखादाच दिवस येतो. गावापुढे तो आयुष्यभर असतो. वर्गातील पहिल्या रांगेतला तो मुलगा यंदा किती वाढला, हे पाहण्यास मोजपट्टी, वही आणि आस्थेची नजर एवढे पुरेसे आहे.