दुय्यम जोडणीवरील बोगदा

३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ, भूमध्य समुद्राच्या तळाशी टाकलेल्या दोन केबली निकामी झाल्या आणि भारतातील इंटरनेटचा वेग एकाएकी मंदावला. पुष्कळशी वाहतूक पूर्वेकडील केबलींवर वळवून काम भागवावे लागले. एवढ्या मोठ्या प्रमाणावर जे घडले, तेच लहान प्रमाणावर गावोगाव घडत असते. रस्ता खोदताना कुदळीचा एक घाव बसतो आणि संपूर्ण कचेरीचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो. दुसरी वाट आधीपासून तयार असेल, तरच अशा वेळी तिचा उपयोग होतो.

प्रस्तुत प्रकरणात आपण एक कल्पित उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी एक लहान रुग्णालय आहे. तेथे काढलेली क्ष-किरण चित्रे शहरातील मोठ्या रुग्णालयाकडे जातात व तेथील तज्ज्ञ त्यांवर अभिप्राय देतात. गावात मुख्य जोडणी काचतंतूच्या केबलची आहे. दुसरी जोडणी मोबाइल सेवेची असून ती अडीअडचणीसाठी घेतलेली आहे. अपघातात सापडलेल्या रुग्णाचे चित्र अर्ध्या तासात शहरात पोचले पाहिजे आणि ते वाटेत कोणा तिऱ्हाइताच्या दृष्टीस पडता कामा नये, अशा दोन्ही अटी येथे एकाच वेळी पाळावयाच्या आहेत.

बोगदा म्हणजे काय?

इंटरनेटवरून जाणारा मजकूर लहान लहान पाकिटांत विभागलेला असतो. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. व्हीपीएन, म्हणजे आभासी खासगी जाळे, हे पाकीट संपूर्णपणे कूटलिपीत बदलते आणि दुसऱ्या, बाहेरच्या पाकिटात घालते. बाहेरच्या पाकिटावर केवळ दोन टोकांच्या राउटरांचे पत्ते असतात. वाटेत ते हाताळणाऱ्याला आतला मजकूर वाचता येत नाही, तसेच आतील पत्तेही कळत नाहीत. या व्यवस्थेलाच बोगदा असे म्हणतात.

या कामासाठी १९९५ पासून आयपीसेक ही नियमावली उपलब्ध आहे. जेसन डोनेनफेल्ड यांनी रचलेल्या वायरगार्ड या सुटसुटीत प्रणालीचा मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समावेश झाला. आपले उदाहरण आपण वायरगार्डच्या आधारे पाहू. तिच्यात प्रत्येक टोकाला किल्ल्यांची एक जोडी असते. खासगी किल्ली त्याच यंत्रात राहते व जाहीर किल्ली समोरच्या टोकाला दिली जाते.

वाट कशी ठरते?

नवशिका मनुष्य येथेच चुकतो. राउटरला दोन जोडण्या लावल्या आणि बोगदा उभारला, म्हणजे तो दुसऱ्या जोडणीवरून जाईल, अशी त्याची समजूत असते. राउटर मात्र आपला मार्गतक्ता पाहतो. ज्या पत्त्याची वेगळी नोंद नाही, ते पाकीट सर्वसाधारण मार्गाने, म्हणजे मुख्य जोडणीवरूनच, निघून जाते. नावाला दुय्यम असलेला बोगदा अशा प्रकारे कित्येक महिने मुख्य केबलवरूनच चालतो आणि केबल तुटते त्या दिवशी तोही तिच्याबरोबर बंद पडतो.

यावर उपाय असा. शहरातील केंद्राकडे दोन जाहीर पत्ते असावेत. समजा, ते २०३.०.११३.१० आणि १९८.५१.१००.१० आहेत. गावातील राउटरवर दोन बोगद्यांची दोन स्वतंत्र मुखे उघडावीत. पहिला बोगदा पहिल्या पत्त्याकडे व दुसरा दुसऱ्या पत्त्याकडे न्यावा. नंतर मार्गतक्त्यात स्पष्ट नोंद करावी की, १९८.५१.१००.१० या एकाच पत्त्याची पाकिटे मोबाइल जोडणीनेच जावीत. अधिक नेमकी नोंद सर्वसाधारण नोंदीपेक्षा वरचढ ठरते, हा मार्गनिर्णयाचा मूलभूत नियम आहे. या नोंदीखाली, कमी पसंतीची म्हणून, त्याच पत्त्यासाठी ‘मार्ग बंद’ अशी दुसरी नोंद ठेवावी. म्हणजे मोबाइल जोडणी गेली, तरी ही पाकिटे मुख्य वाटेवर शिरणार नाहीत व दोष लपून राहणार नाही.

शहरातील रुग्णालयाच्या अंतर्गत पत्त्यांसाठीही अशीच नोंद करावी. दोन्ही बोगदे बंद असताना चित्रांची पाकिटे सर्वसाधारण मार्गाने उघडी बाहेर पडण्यापेक्षा ती जागीच थांबलेली बरी.

मोबाइल जोडणीच्या अडचणी

मोबाइल कंपन्या पुष्कळदा अनेक ग्राहकांना एकाच जाहीर पत्त्यामागे ठेवतात. त्यासाठी १००.६४.०.० पासूनचा एक पत्तासमूह २०१२ मध्ये राखून ठेवण्यात आला. अशा ग्राहकाला बाहेरून कोणी हाक मारू शकत नाही. म्हणून संभाषणाचा आरंभ नेहमी गावाकडून व्हावा आणि शहराने वाट पाहावी. शिवाय काही काळ शांतता राहिली, तर कंपनीच्या यंत्रातील नोंद पुसली जाते. यासाठी गावाकडील टोकाने दर २५ सेकंदांनी एक लहानसे पाकीट पाठवत राहावे.

दुसरी अडचण आकाराची आहे. सामान्यतः एका पाकिटाची मर्यादा १५०० बाइट असते. वायरगार्डचे बाहेरचे वेष्टन जुन्या पत्तापद्धतीत ६० व नव्या पद्धतीत ८० बाइट जागा घेते. म्हणून आतील पाकीट १४२० बाइटांचे ठेवण्याची प्रथा आहे. मोबाइल जोडणीवर मर्यादा याहून कमी असू शकते. तसे झाल्यास लहान निरोप पोचतात, पण मोठे चित्र मध्येच अडकते. असा अनुभव आला, तर प्रथम हा आकडा कमी करून पाहावा.

बदल केव्हा करावा?

दोन्ही बोगदे सदैव उघडे ठेवावेत आणि चित्रे पहिल्याने पाठवावीत. मात्र वायरगार्ड स्वतः वाट बदलत नाही. त्यासाठी दर काही सेकंदांनी पहिल्या बोगद्यातून पलीकडच्या यंत्राची विचारपूस करणारी लहानशी आज्ञावली लागते. लागोपाठ तीन वेळा उत्तर आले नाही, तर तिने वाहतूक दुसऱ्या बोगद्याकडे वळवावी. शहरातील राउटरवरही हीच व्यवस्था हवी. अन्यथा गावाचे पाकीट दुसऱ्या वाटेने पोचेल आणि शहराचे उत्तर मात्र तुटलेल्या पहिल्या वाटेवर नाहीसे होईल.

परीक्षा

हे सर्व केल्यावरही एक गोष्ट राहते. दोन जोडण्या दोन कंपन्यांच्या असल्या, तरी त्या खरोखर भिन्न असतीलच असे नाही. मोबाइलचा मनोराही कदाचित त्याच चरातून गेलेल्या काचतंतूवर अवलंबून असेल. याची चौकशी आधीच करावी.

आणि महिन्यातून एकदा, काम कमी असताना, शहराला पूर्वसूचना देऊन मुख्य केबल हाताने काढावी. घड्याळ लावून एक चित्र पाठवावे व ते किती वेळात पोचले, याची वहीत नोंद करावी. दुसऱ्या बोगद्यातील शेवटचा किल्ल्यांचा व्यवहार तीन मिनिटांहून जुना दिसला, तर तो बोगदा बंद आहे असे समजावे. केबल काढल्यावर चित्र पोचले नाही, तर दोष त्या दिवशी सापडला हे भाग्यच म्हणावयाचे, कारण त्या वेळी पलीकडच्या खोलीत कोणी रुग्ण वाट पाहत नव्हता.