घोडा, कुत्रा आणि दोरी धरणारा हात

इयत्ता : ४ थी व ५ वी
विषय : परिसर अभ्यास
घटक : प्राण्यांचे स्वभाव आणि आपली सुरक्षितता



उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, तेव्हा चौथीतला एक मुलगा हाताला प्लास्टर घालून आला. मामाच्या लग्नात तो नवरदेवापुढे घोडीवर बसला होता. वरात निघाली, बँड सुरू झाला आणि कोणीतरी फटाक्यांची लड पेटवली. मंडपाच्या कडेला निजलेलं एक कुत्रं दचकून उठलं. गर्दीत त्याला वाट सापडेना, म्हणून ते सरळ घोडीच्या पोटाखालून पळालं. घोडी बुजली, तिने पुढचे पाय उचलले आणि हा खाली पडला. नवरदेव कसाबसा खोगिराला धरून राहिला.

दुसऱ्या दिवशी गावातली पोरं त्या कुत्र्याच्या मागे गोटे घेऊन फिरत होती.

वर्गात मी विचारलं, "चूक कोणाची?"

"सर, चूक त कुत्र्याचीच हाय."

"नाही जी, घोडीनं काऊन उडी मारली?"

खरं सांगायचं तर त्या वरातीत मीही होतो. ते कुत्रं तिथे निजलेलं मी पाहिलं होतं. त्याला आधीच बाजूला करावं, असं मला सुचलं नाही. म्हणून आजचा पाठ तुमच्यासाठी आहे, तसाच माझ्यासाठीही आहे.

घोडा आणि कुत्रा एकत्र राहू शकतात का?

हो, राहू शकतात. आपल्या महाराष्ट्रात ही जोडी फार जुनी आहे. खंडोबाचं चित्र आठवा. देव घोड्यावर बसलेला असतो आणि सोबत कुत्रा असतो. आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्ष महिन्यात खंडोबाची मोठी यात्रा भरते. उमरखेड-पुसदकडच्या तुमच्यापैकी काहींनी ती पाहिली असेल. तिथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. घोड्यांबरोबर कुत्र्यांचंही प्रदर्शन असतं. पश्चिम महाराष्ट्रातले धनगर मेंढरं घेऊन गावोगाव फिरतात, तेव्हा बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर असतं आणि राखणीला कुत्रा असतो. त्यांचा कुत्रा घोड्यावर भुंकत नाही आणि घोडाही त्याला बुजत नाही. लहानपणापासून दोघांना एकमेकांची सवय झालेली असते.

म्हणजे हे दोघे जन्माचे वैरी नाहीत. त्यांची ओळख नसेल आणि माणसाचं लक्ष नसेल, तर मात्र अपघात होतो. त्यासाठी आधी दोघांचा स्वभाव समजून घेऊ.

घोड्याचा स्वभाव : आधी पळायचं

घोडा गवत खाणारा प्राणी आहे. रानात वाघ-लांडग्यांपासून जीव वाचवायला त्याच्याकडे शिंगं नाहीत की सुळे नाहीत. त्याचं बळ पायात असतं. भीती वाटली की तो आधी पळतो. पळायला जागा मिळाली नाही, तर मागच्या पायांनी दुगाण्या झाडतो. तीनशे-चारशे किलो वजनाच्या घोड्याची लाथ बसली, तर कुत्रा जागीच मरू शकतो. माणसाचं हाडही मोडतं.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ ३५० अंशांत, म्हणजे सभोवार दिसतं. पण दोन जागा त्याला दिसत नाहीत. एक, कपाळाच्या अगदी समोरची आणि नाकाखालची. दुसरी, थेट शेपटीमागची. कुत्रं नेमकं मागून येतं किंवा पोटाखाली घुसतं. जे दिसत नाही पण पायाशी वळवळतं, त्याला घोडा सर्वात जास्त घाबरतो.

घोड्याचे कान बघायला शिका. कान पुढे टवकारले असतील, तर त्याचं कशाकडे तरी लक्ष गेलेलं असतं. कान मागे चिकटवून पाडले असतील, तर तो चिडलेला असतो. अशा वेळी त्याच्यापासून दूर राहावं.

कुत्र्याचा स्वभाव : जे पळतं त्याच्या मागे

कुत्र्याचे पूर्वज लांडगे. हजारो वर्षं माणसासोबत राहूनही पळणाऱ्या वस्तूमागे धावण्याची त्याची खोड गेलेली नाही. सायकल असो, मोटारसायकल असो की कोंबडी, पळताना दिसली की तो मागे लागतो. घोडा पळाला की त्याला आणखी जोर चढतो. तो भुंकतो आणि टाचांना तोंड घालतो.

आता दोन्ही स्वभाव एकत्र मांडून पाहा. कुत्रा मागे लागतो म्हणून घोडा पळतो आणि घोडा पळतो म्हणून कुत्रा मागे लागतो. ही साखळी दोघांपैकी कोणीच तोडू शकत नाही. ती माणसालाच तोडावी लागते.

तबेल्यात ओळख कशी करून द्यावी?

१. पहिल्या दिवशी कुत्र्याला पट्टा आणि दोरी लावूनच न्यावं. दोघांमध्ये कुंपण असावं. दहा-पंधरा पावलं दूर थांबावं.

२. कुत्रा शांत बसला की त्याला शाबासकी द्यावी किंवा भाकरीचा तुकडा द्यावा. भुंकला तर मारू नये. आणखी दूर न्यावं आणि पुन्हा प्रयत्न करावा. मारलं तर 'घोडा दिसला की मार मिळतो' हेच तो शिकतो.

३. रोज थोडं-थोडं अंतर कमी करावं. घाई करू नये. काही कुत्र्यांना आठ दिवस पुरतात, काहींना महिनाही लागतो.

४. 'बस', 'थांब' आणि 'इकडे ये' हे तीन शब्द कुत्र्याला घरीच पक्के शिकवावेत. हे ऐकत नसेल, तर तो कुत्रा घोड्याजवळ मोकळा सोडायचा नाही.

५. दोरी हाताला गुंडाळू नये. कुत्र्याने हिसका दिला तर तुम्हीच ओढले जाल. कुत्र्याला घोड्याच्या खुंट्याला किंवा खोगिराला कधीही बांधू नये. दोरी घोड्याच्या पायात अडकली, तर तिघांच्याही जिवावर बेतेल.

६. घोड्याला तोबरा लावला असेल, तेव्हा कुत्र्याला तिथे खायला घालू नये. खाण्यावरून कुत्रा गुरगुरतो. पिल्लं असलेल्या कुत्रीला तबेल्याबाहेर वेगळी जागा द्यावी.

७. घोड्याला जंताचं औषध पाजताना ते खाली सांडलं, तर लगेच पुसून घ्यावं. घोड्याच्या वजनाच्या मापाने केलेलं औषध कुत्र्याने चाटलं, तर त्याला विषबाधा होऊ शकते. औषध दिल्यानंतर काही दिवस घोड्याची लीदही कुत्र्याला खाऊ देऊ नये.

रस्त्यावर आणि स्वारीला

शाळेच्या सहलीत किंवा घरच्यांबरोबर तुम्ही कधी महाबळेश्वरला किंवा माथेरानला जाल. माथेरानच्या वस्तीत खासगी मोटारगाड्या नेता येत नाहीत. तिथे पर्यटक घोड्यावर बसतात आणि सामानही घोड्यावर वाहिलं जातं. तिथे हे लक्षात ठेवा :

घोड्यावर बसला असाल आणि कुत्रं मागे लागलं, तर घोड्याला पळवू नका. लगाम धरणाऱ्या काकांना "थांबा" म्हणा. घोडा उभा करून तोंड कुत्र्याकडे वळवलं, की कुत्रं घोड्याला दिसतं आणि त्याची भीती कमी होते. पळणारं काही उरलं नाही की बहुतेक कुत्रीही थबकतात. मग मोठ्या माणसाने खणखणीत आवाजात कुत्र्याला हाकलावं. पुढे हळू चालीनेच निघावं.

पायी जात असाल, सोबत तुमचा कुत्रा असेल आणि समोरून घोडा आला, तर कडेला व्हा. दोरी आखूड धरा आणि कुत्र्याला तुमच्या पलीकडच्या बाजूला बसवा. घोडेस्वाराला आवाज द्या, म्हणजे घोड्यालाही कळतं की इथे माणूस आहे. घोडा पुढे गेल्याशिवाय चालू नका.

सवयीचा कुत्रा घोड्यासोबत फिरायला नेला, तरी तो बाजूने, घोड्याला दिसेल असा चालला पाहिजे. स्वाराने त्याची दोरी हातात धरू नये. खाली चालणारा वेगळा माणूस हवा.

आपल्या यवतमाळच्या उन्हात आणखी एक काळजी घ्या. घोड्याला अंगभर घाम येतो आणि त्याचं अंग थंड होतं. कुत्र्याला तसा घाम येत नाही. तो जीभ काढून धापा टाकतो, तेवढाच त्याचा उपाय. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत दुपारी घोड्यामागे कुत्र्याला धाववणं म्हणजे त्याचा जीव घेणं आहे.

आणि वरातीत? घोडीजवळ फटाके लावू नयेत. वरात निघण्याआधी आसपासची कुत्री प्रेमाने दूर करावीत. लहान मुलाला घोडीवर बसवलं असेल, तर एका मोठ्या माणसाने पूर्ण वेळ त्याच्या बाजूने चालावं.

कुत्रा चावलाच तर?

जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा. चुना, हळद, तिखट काहीही लावू नका. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि डॉक्टर सांगतील त्या तारखांना सगळी इंजेक्शनं पूर्ण करा. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की रुग्ण वाचणं जवळजवळ अशक्य असतं. पण वेळेवर लस घेतली तर हा रोग टाळता येतो. रेबीज घोड्यालाही होतो. घोड्याला कुत्रा चावला तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा आणि त्याच्या तोंडात हात घालू नका. घरच्या कुत्र्याला दरवर्षी लस टोचून घ्या, म्हणजे तो, घोडा आणि आपण तिघेही सुरक्षित राहू.

मग चूक कोणाची?

पाठ संपल्यावर मी वर्गात तोच प्रश्न पुन्हा विचारला. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग प्लास्टरवालाच उभा राहिला आणि म्हणाला, "सर, कुत्रं भेलं होतं. घोडी बी भेली होती. मोठ्या माणसाइनं पाहाले पाह्यजे होतं."

मुलांनो, कुत्रा कुत्र्यासारखा वागला आणि घोडी घोडीसारखी. विचार करण्याचं काम आपलं होतं आणि ते आपण केलं नाही. म्हणून त्या कुत्र्याला गोटे मारून काही होणार नाही. पुढच्या वरातीत ते कुठे निजलंय हे आधी बघितलं, तर पुष्कळ होईल.

स्वाध्याय

प्र. १ एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) घोड्याला कोणत्या दोन जागा दिसत नाहीत?
(आ) घोड्याने कान मागे पाडले, तर काय समजावे?
(इ) कुत्रा चावल्यास जखम किती मिनिटे धुवावी?

प्र. २ कारणे लिहा.
(अ) कुत्रा मागे लागल्यास घोड्याला पळवू नये.
(आ) कुत्र्याची दोरी हाताला गुंडाळू नये.
(इ) उन्हाळ्यात दुपारी कुत्र्याला घोड्यामागे धाववू नये.

प्र. ३ उपक्रम : मैदानावर खडूने घोड्याचे मोठे चित्र काढा. त्याला न दिसणाऱ्या जागा तिरप्या रेघांनी भरा. एकेकाने येऊन घोड्याजवळ कोणत्या बाजूने जावे, ते चालून दाखवा.

प्र. ४ घरी विचारा : आजी-आजोबांच्या काळात गावात टांगा किंवा घोडा होता का? त्याच्यासोबत कुत्रा राहायचा का? त्यांनी सांगितलेली आठवण पाच ओळींत लिहून आणा.