छोट्या लिंकचा खरा पत्ता

प्रश्न : सौदी अरेबियातल्या किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीतले एक वाचक विचारतात, ‘पार्सल अडकलंय, शुल्क भरा’ असा एसएमएस आला. सोबत बिटलीची छोटी लिंक आहे. उघडावी का?

उत्तर : उघडू नये.

बिटली किंवा टायनीयूआरएल ही कंपनी लबाड नव्हे; ती फक्त लांबलचक पत्त्याला छोटं नाव देते आणि क्लिक करणाऱ्याला मूळ पानावर पाठवते. पण ते पान सौदी पोस्टचं आहे की कार्डचा नंबर आणि ओटीपी उकळणाऱ्या कुणा भामट्याचं, हे लिंककडे बघून कळत नाही. भामट्यांना तेच हवं असतं. कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणूनही निर्धास्त होऊ नये. ते बनावट साइटलाही मिळतं.

फारच उत्सुकता असेल, तर बिटलीची लिंक ब्राउझरमध्ये टाइप करून शेवटी अधिकचं चिन्ह (+) जोडावं. मूळ पत्ता आधीच दिसतो. पार्सलची वाट खरोखरच पाहत असाल, तर टपाल खात्याच्या अ‍ॅपमध्ये क्रमांक टाकून पाहावा. सौदीत असे संशयास्पद एसएमएस 330330 या क्रमांकावर पुढे पाठवता येतात.

तुमच्या घरच्यांकडे, भारतात, दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून कंपन्यांच्या एसएमएसमध्ये आधी नोंदवलेल्याच लिंक चालतात. व्हॉट्सअ‍ॅप मात्र या जाळ्याबाहेर आहे आणि घरच्या ग्रुपवर येणाऱ्या लिंक नेमक्या तिथूनच येतात. भारतातल्या खात्यातून पैसे गेलेच, तर घरच्यांनी तिथून लगेच 1930 या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन करावा आणि बँकेला कळवून कार्ड बंद करून घ्यावं.