डिलीट दाबण्याआधी

सीएनसीचा प्रोग्रॅम म्हणजे शेवटी साधी टेक्स्ट फाइल. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कितीतरी जॉब शॉपमध्ये ती ऑफिसच्या पीसीवर एडिटरमध्ये उघडतात, दोन आकडे बदलतात आणि पेनड्राइव्हने किंवा केबलने मशीनला देतात. म्हणून एडिटर चुकीचं दाखवू लागला, तर त्रास नुसता डोळ्यांना होत नाही.

चाकणच्या एका शॉपमध्ये मी प्रोग्रॅमिंग बघायचो. ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट झाल्यापासून फाइल खाली सरकवली की एखादी ओळ दोनदा दिसायची. सेटर म्हणाला, "सर, झेड मायनस ५ डबल पडलंय, एक उडवतो." मी त्याला थांबवून त्या ओळीवरून माउस ओढायला सांगितला. ओळ सिलेक्ट होताच तिथे जी० झेड१००.० उमटलं. टूल वर उचलणारी ओळ फाइलमध्ये शाबूत होती. पडद्यावर तिच्या जागी वरचीच ओळ चिकटली होती. ती उडवली असती, तर टूल खालच्या खाली सरकत थेट क्लॅम्पवर गेलं असतं.

असं काही दिसलं की सेव्ह करू नका, काही ‘दुरुस्त’ही करू नका. फाइल बिघडली आहे की नुसतं चित्र, हे आधी ठरवा. ओळ सिलेक्ट केल्यावर किंवा विंडो मिनिमाइज करून पुन्हा उघडल्यावर मजकूर बदलला, तर दोष चित्र काढण्यात आहे. खात्रीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एफसी’ला ‘स्लॅश बी’ जोडून डिस्कवरची फाइल मास्टर कॉपीशी ताडून पाहा. ही कमांड बाइटला बाइट लावते, एडिटर मधे येतच नाही.

मग स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या पीसीवर उघडा. खोट त्यातही दिसली, तर एडिटर किंवा ड्रायव्हर बघा; नाही दिसली, तर मॉनिटर आणि केबल. मोबाइलने काढलेला फोटो इथे कामाचा नाही, त्यात दोन्ही दोष सारखेच दिसतात.

विंडोजवर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबली की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. तेवढ्याने भागलं नाही, तर एडिटरचं हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करून बघा. व्हीएस कोडच्या आत क्रोमियम ब्राउझर असतो आणि तो ग्राफिक्स कार्डाच्या मदतीने चित्र काढतो. ‘डिसेबल-जीपीयू’ हा पर्याय देऊन तो कार्डाविना सुरू करता येतो. नोटपॅड प्लस प्लसमध्ये डायरेक्टराइटची सेटिंग बदलून एडिटर पुन्हा उघडा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. आमच्याकडे अ‍ॅक्सिलरेशन बंद केल्यावर ओळी चिकटणं थांबलं. ड्रायव्हर मग गुरुवारच्या सुट्टीत, मशीन बंद असताना, जुन्या व्हर्जनवर नेला.

फॉन्टही मोठा ठेवा. फानुक कंट्रोलवर नेहमीच्या सेटिंगमध्ये बिंदूशिवाय लिहिलेलं एक्स१० म्हणजे १० मायक्रॉन आणि बिंदू दिला की १० मिलिमीटर. बारीक अक्षरात हा बिंदू सहज नजरेतून सुटतो.

आणि पडदा सुधारला तरी पहिला जॉब सिंगल ब्लॉकवरच काढा. मशीनच्या स्क्रीनवर पुढची ओळ वाचल्याशिवाय सायकल स्टार्टला हात लावू नका.