ताब्याचा दावा आणि मानसतज्ज्ञांचा अहवाल

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे. घटस्फोटासोबत त्याच्या ताब्याचा दावाही रायपूरच्या कुटुंब न्यायालयात सुरू आहे. मानसतज्ज्ञांकडून मुलाची तपासणी करून अहवाल मागवावा, असा अर्ज पतीने दिला आहे. दोन-तीन भेटींत परका माणूस आमचं नातं काय जोखणार? मी विरोध करू का?
– एक वाचक, रायपूर

उत्तर : तपासणीला विरोध करू नका, ती नीट व्हावी यासाठी मात्र आग्रह धरा. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम १३ नुसार ताबा ठरवताना मुलाचं हित सर्वोपरी असतं. ते हित जाणकाराने तपासलं नाही, तर लोकांची मतं पुरावा होऊन बसतात. आपल्या शेजारच्या महासमुंदमध्ये तसंच झालं. आई जीन्स-टीशर्ट घालते, कामानिमित्त पुरुषांबरोबर प्रवास करते, अशा साक्षींवर विसंबून तिथल्या कुटुंब न्यायालयाने २०१६ मध्ये मुलाचा ताबा वडिलांना दिला. बिलासपूरच्या उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, पण त्यासाठी २०२२ उजाडलं. याउलट, दुसऱ्या एका प्रकरणात वडिलांच्या बाजूचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये कायम ठेवला होता. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या तज्ज्ञांच्या अहवालांतून त्या मुलाची चिंता आणि आईपासून तुटण्याची भीती समोर आली, तेव्हा जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने आपला निर्णय फिरवून ताबा आईकडे दिला. मुलाच्या मनावरचा ताण साक्षीदारांच्या जबान्यांतून क्वचितच कळतो.

मोजक्या भेटींत सगळं कळत नाही, ही तुमची शंका रास्त आहे. म्हणूनच कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १२ मध्ये तज्ज्ञाला फक्त साहाय्यकाची जागा आहे. निकाल न्यायाधीशच देतात. मात्र कलम १४ नुसार न्यायालय पुराव्याच्या एरवीच्या काटेकोर नियमांत न अडकता असा अहवाल विचारात घेऊ शकतं, त्यामुळे गाफील राहून चालणार नाही. तज्ज्ञाने मुलाला आईसोबत, वडिलांसोबत आणि एकट्यालाही भेटावं, वर्गशिक्षकांशी बोलावं, अशी लेखी विनंती करा. अहवालाची प्रत मागा, चूक वाटेल तिथे हरकत नोंदवा आणि तज्ज्ञांच्या उलटतपासणीची परवानगी मागा. मुलाला पढवलं जाईल, अशीही भीती असते. पण सात वर्षांच्या तोंडी मोठ्यांची वाक्यं आली की ती उघडी पाडण्याची संधी अशा तपासणीतच जास्त असते. तेव्हा तुम्हीही त्याला काही शिकवून पाठवू नका. त्याला जे वाटतं ते त्याला मोकळेपणाने बोलू द्या.