'वंडर' या क्रियापदापुढचा प्रश्न

वसतिगृहाच्या रात्रीच्या अभ्यासवर्गात आम्ही इतकी वर्षे इंग्रजी शिकवीत आलो. त्यात एक चूक अशी आहे, की जी पहिल्या तुकडीच्या वह्यांत होती आणि यंदाच्या वह्यांतही आहे. 'तो कोठे राहतो कोण जाणे' या वाक्याचे इंग्रजी आमचे विद्यार्थी 'आय वंडर व्हेअर डज ही लिव्ह' असे करतात. हवे असते ते 'आय वंडर व्हेअर ही लिव्ह्ज'. ही चूक आळसातून होत नाही, असे आमचे मत आहे. म्हणूनच स्मरणिकेची ही दोन पाने आम्ही तिच्यासाठी मागून घेतली. इंग्रजी वाक्ये देवनागरीत दिली आहेत, ती पालकांनाही मोठ्याने वाचता यावीत म्हणून.

प्रथम अर्थाविषयी. शब्दकोशात 'वंडर' पाहावा तर समोर 'आश्चर्य' हा शब्द येतो. तो चुकीचा नाही. 'वंडर ॲट' म्हणजे एखाद्या गोष्टीचे नवल करणे. परंतु त्याच क्रियापदापुढे व्हेअर, व्हेन, व्हाय, हू, हाऊ किंवा इफ यांपैकी शब्द आला, की आश्चर्य मागे पडते आणि 'मनात प्रश्न येणे' हा अर्थ पुढे होतो. हे न जाणल्यामुळे 'मला आश्चर्य वाटते की तो कोठे राहतो' असले मराठी जन्मास येते. असली वाक्ये हल्ली छापील अनुवादांतही दिसतात, त्याला विद्यार्थी काय करणार!

मराठीत या अर्थाचे एकच असे क्रियापद नाही, पण साधने पुष्कळ आहेत. 'कोण जाणे', 'कुणास ठाऊक', 'की काय' आणि तो एवढासा 'बरे'. दिवेलागणीला आई दारात उभी राहून 'पोरगं अजून कसं आलं नाही बरं?' म्हणते, तेव्हा ती कोणालाही विचारीत नसते. प्रश्न तिच्या स्वतःपाशीच असतो. तिच्या त्या 'बरं'चे इंग्रजी 'आय वंडर'.

आता रचना. इंग्रजीत सरळ प्रश्न विचारताना शब्दांची उलथापालथ होते. 'ही इज हिअर' या विधानाचा प्रश्न करायचा तर 'इज' उडी मारून कर्त्याच्या आधी जातो. असे उडी मारणारे सहायक क्रियापद वाक्यात नसेल, तर डू, डज, डिड यांपैकी एक उसने आणावे लागते. ही सारी धावपळ समोरच्याकडून उत्तर हवे असते म्हणून. 'आय वंडर' म्हटल्यावर प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात जातो, उत्तराची मागणी संपते आणि शब्द आपापल्या जागी परततात. कर्ता आधी, क्रियापद नंतर. उसना आणलेला 'डज' परत. आणि शेवटी प्रश्नचिन्ह नव्हे, पूर्णविराम. कारण संपूर्ण वाक्य हे विधान आहे.

आमची मुले येथे का अडखळतात? मराठीत प्रश्न पोटात गेला तरी जागचा हलत नाही. 'तो कोठे राहतो?' हा प्रश्न आणि 'तो कोठे राहतो हे मला माहीत नाही' यातील पहिला भाग, यांत अक्षराचाही फरक नाही. इतकेच नव्हे, तर 'तू कोठे राहतोस असे त्यांनी मला विचारले' यात विचारणाऱ्याचा 'तू' आणि त्याचा वर्तमानकाळ दोन्ही शाबूत राहतात. इंग्रजी मात्र 'तू'चा 'मी' करते आणि काळही मागे ढकलते : 'दे आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ड'. आपली ही रीत फार जुनी आहे. पाली सुत्तांत बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवून शेवटी 'ति' हे इवलेसे अव्यय येते; ते संस्कृतातील 'इति'चेच रूप. आपले 'असे' आणि 'म्हणून' तेच काम करतात. तेव्हा विद्यार्थी प्रश्न अखंड उचलून इंग्रजीत ठेवतो, यात तो आपल्या भाषेशी इमान राखीत असतो. त्याला रागावण्यापूर्वी शिक्षकाने हे ध्यानी घ्यावे.

वर्गात आम्ही नेहमी दोन उदाहरणे देतो. पूज्य बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकात त्यांनी चार प्रश्न मांडले असून पहिला बुद्धांच्या परिव्रज्येविषयी आहे. बुद्धांनी परिव्रज्या का घेतली? सरळ विचारले तर 'व्हाय डिड द बुद्ध टेक परिव्रज्या'. पोटात घातले तर 'बाबासाहेब आस्क्ड व्हाय द बुद्ध हॅड टेकन परिव्रज्या'. किंवा आपण आज नवल करीत असू, तर 'आय वंडर व्हाय द बुद्ध टुक परिव्रज्या'. 'डिड' गेला आणि त्याने गिळलेला भूतकाळ 'टुक'मध्ये परत आला. म्हातारा, रोगी व प्रेत पाहून गृहत्याग, हे पारंपरिक उत्तर बाबासाहेबांना पटले नव्हते, हे वाचकांस ठाऊकच आहे.

दुसरे उदाहरण केसपुत्तच्या कालामांचे. निरनिराळे श्रमण-ब्राह्मण येत, आपले मत थोर व इतरांचे हीन म्हणून सांगत. यांत खरे कोण बोलतो, ही कालामांची शंका. 'द कालामाज वंडर्ड हू वॉज स्पीकिंग द ट्रूथ'. येथे काळ बदलला, पण शब्दांचा क्रम बदलला नाही. कारण 'हू' हाच कर्ता आहे आणि तो मुळातच पहिल्या जागी बसलेला आहे. अशा वाक्यात हुशार विद्यार्थी नियम लावण्याच्या भरात विनाकारण फेरफार करतात. तथागतांनी कालामांस सांगितले, की तुम्हांस शंका आली हे योग्यच झाले.

होय-नाही स्वरूपाच्या प्रश्नात प्रश्नार्थक शब्द नसतो, तेव्हा 'इफ' किंवा 'व्हेदर' लागतो. आपला 'की नाही'. 'आय वंडर इफ शी विल कम' : ती येईल की नाही कोण जाणे. 'करावे की न करावे' अशा 'टु'च्या रचनेपूर्वी मात्र 'व्हेदर'च चालतो.

'आस्क'ला माणूस चालतो, तोही 'टु'शिवाय : 'आय आस्क्ड हिम'. 'वंडर'ला माणूस चालत नाही. 'नो'चे निराळेच. टाटा इन्स्टिट्यूटसमोर उभे राहून कोणास देवनार डेपो विचारायचा, तर 'डू यू नो व्हेअर देवनार डेपो इज?' येथे आतला प्रश्न शांत झाला, पण बाहेरचा 'डू यू नो' हा खराच प्रश्न असल्याने प्रश्नचिन्ह राहिले. ती संस्था 1954 पासून देवनारात आहे. आमच्या आसपासच्या वस्त्यांत पाहणीचे तक्ते घेऊन प्रश्न विचारणारे वर्षानुवर्षे येत असतात. तक्ता कोणत्या भाषेत आहे आणि त्यातील प्रश्न कोणी रचले, हे पाहण्याची सवय आम्ही मुलांना लावतो.

राहिला सौजन्याचा प्रयोग. 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड हेल्प मी' म्हणजे 'जरा मदत कराल का?' भूतकाळ केवळ मार्दवासाठी. मुलाखतीत, ग्रंथालयात, अनोळखी माणसापाशी हे वाक्य फार उपयोगी पडते आणि आम्ही ते पाठच करून घेतो. एका माजी विद्यार्थ्याने मात्र आम्हांलाच निरुत्तर केले. शिष्यवृत्तीचे पैसे अडले असता तो एका कार्यालयात याच नम्र वाक्यासह तीनदा गेला. चौथ्या वेळी त्याने 'व्हेन विल आय गेट इट?' असे विचारले आणि त्याला तारीख मिळाली. त्या दिवसापासून आम्ही दोन्ही वाक्ये एकाच तासाला शिकवितो : मदत मागताना पहिले, हक्काचे मागताना दुसरे.

सरावासाठी तीन वाक्ये देत आहोत. पालकांनी मुलांकडून करवून घ्यावीत. 'पाणी आज किती वाजता येईल कोण जाणे.' 'हे पुस्तक कोणी लिहिले बरे?' 'आजोबा शाळेत का गेले नाहीत, असे तिने मला विचारले.'