वसंतातील पक्ष्यांची परतवाट
कारधा परिसरातील ग्रामकार्यकर्त्यांसाठी व शेतकरी बंधूंसाठी एक अभ्यासपाठ

माघ महिना सरत आला म्हणजे भंडारा जिल्ह्यातील शेतकऱ्याचे लक्ष तीन ठिकाणी वाटले गेलेले असते. बांधीतील लाखोरी उपटणीस आलेली असते, हरभऱ्याचे घाटे भरत असतात आणि ज्यांच्याकडे पाण्याची सोय आहे त्यांच्या शेतात उन्हाळी धानाची रोवणी नुकतीच आटोपलेली असते. याच सुमारास आपल्या डोक्यावरून एक मोठी हालचाल सुरू होते, तिकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हिवाळ्याचे चार-पाच महिने आपल्या तलावांवर, नदीच्या रेतीवर आणि बांध्यांमधून राहिलेले लक्षावधी पाहुणे पक्षी उत्तरेकडे परत निघतात. हे पक्षी कोण, ते केव्हा व का जातात आणि आपल्या शेतीशी त्यांचा संबंध काय, हे या पाठात पाहावयाचे आहे.

भंडाऱ्याहून साकोलीकडे जाताना वैनगंगा ओलांडली की कारधा लागते. येथील पुलाजवळ नदीची पातळी मोजली जाते व पावसाळ्यात सारा जिल्हा कारध्याच्या आकड्याकडे डोळे लावून असतो. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस आलेला महापूर अजून कोणी विसरलेले नाही. पुराच्या दिवसांत हा पूल जसा पाण्याचा अंदाज देतो, तसा फाल्गुन-चैत्रात तो पक्ष्यांचाही देतो. सकाळी सूर्योदयाच्या वेळी अर्धा तास काठावर उभे राहिले असता नदीच्या पात्राला धरून उत्तर दिशेने सरकणारे थवे नजरेस पडतात. नद्यांच्या ओळीने जाणे पुष्कळ पक्ष्यांना सोयीचे असते, कारण वाटेत पाणी, चारा आणि उतरण्यास जागा मिळते. वैनगंगा मध्यप्रदेशातील शिवनी जिल्ह्यात उगम पावते व तेथून आपल्याकडे येते. तेव्हा नदी जिकडून आली तिकडे पक्षी निघाले, असे म्हटले तरी चालेल.

प्रथम पाणपक्ष्यांचा विचार करू. भंडारा व गोंदिया हे दोन्ही जिल्हे 1999 पर्यंत एकच होते, आणि दोहोंना तलावांचा प्रदेश म्हणतात तो काही उगाच नव्हे. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी धानाच्या ओलितासाठी बांधलेले मालगुजारी तलाव, नवेगावबांध व शिवनीबांध यांसारखे मोठे जलाशय आणि वैनगंगेचे पात्र यांमुळे येथे हिवाळी बदकांची चांगली सोय होते. लांब टोकदार शेपटीचा सरग्या, भुवईवर पांढरी पट्टी असलेले भुवई बदक, फावड्यासारख्या चोचीचा थापट्या, तांबड्या डोक्याची लालसरी ही त्यांतील नेहमीची मंडळी. नदीच्या रेतीवर जोडीने बसणारा नारिंगी रंगाचा चक्रवाक तर दुरूनही ओळखता येतो. ही सर्व बदके साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात व फेब्रुवारीपासून निघू लागतात. भुवई बदके मात्र परतीच्या वाटेवर पुन्हा जमतात व एप्रिलमध्येही दिसू शकतात.

या प्रवासाची कल्पना यावी म्हणून एकाच पक्ष्याचे उदाहरण घेऊ. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हा हंसजातीचा पक्षी लडाख, तिबेट व मंगोलियातील सरोवरांच्या काठी अंडी घालतो. कारध्याहून जवळजवळ सरळ उत्तरेस सुमारे 1,000 किलोमीटरांवर नंदादेवीचे शिखर आहे. हिमालयाची ती भिंत या पक्ष्याला पंखांच्या बळावर ओलांडावी लागते. पाठीवर लहान यंत्र बसवून उपग्रहाद्वारे माग काढला असता हे पक्षी 7,000 मीटरांहून अधिक उंचीवरून गेल्याचे आढळले आहे. त्या उंचीवर माणसाला चालतानाही धाप लागते.

पक्ष्यांना निघण्याची वेळ कशी कळते, असा प्रश्न शेतकरी नेहमी विचारतात. ऊन वाढल्यामुळे पक्षी जातात, हा समज अर्धाच खरा आहे. मुख्य खूण दिवसाच्या लांबीची असते. दिवस मोठा होऊ लागला की पक्ष्याच्या शरीरातील स्राव बदलतात, भूक वाढते व कातडीखाली चरबीचा थर साठू लागतो. काही लहान पक्षी निघण्यापूर्वी मूळ वजनाच्या निम्म्याइतकी, तर काही त्याहूनही अधिक चरबी जमवितात. ही चरबी म्हणजे प्रवासाची शिदोरी. सूर्य, तारे व पृथ्वीचे चुंबकत्व यांच्या आधारे ते दिशा धरतात आणि पुष्कळसे लहान पक्षी रात्रीच उडतात, म्हणून त्यांचे जाणे आपल्याला दिसत नाही. बैलाला लांबच्या गावी न्यावयाचे असेल तर आपण आधी आठ दिवस त्याला पेंड चारतो. येथे पक्षी तेच करीत असतो. म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आपल्या शिवारात त्याला काय खावयास मिळते, याला फार महत्त्व आहे. या दिवसांत विषारी दाणा किंवा विषाने मेलेली कीड पोटात गेली, तर तो पक्षी वाटेतच कोठेतरी पडतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता बांधीतील पक्ष्यांकडे येऊ. उन्हाळी धानाच्या रोवणीनंतर चिखलात शेपटी हलवीत फिरणारे पांढरे व पिवळे धोबी आणि लांब पायांच्या तुताऱ्या यांना पाहून काही शेतकरी 'पऱ्हे उपटतात' म्हणून हाकलतात. हा या पक्ष्यांवर अन्याय आहे. त्यांच्या चोची बारीक व मऊ चिखलात टोचण्यासाठी असतात. ते अळ्या, किडे व लहान गोगलगायी वेचतात, रोपाला हात लावीत नाहीत. रोप उखडलेले आढळले तर खेकडा, उंदीर किंवा उथळ रोवणी यांचा शोध घ्यावा. याउलट बदके व अडई हे पक्षी रात्री बांधीत उतरून कोवळे पीक तुडवितात व फेकलेले बियाणे खातात, ही तक्रार खरी आहे. पट्टकादंबही गहू-हरभऱ्याचे कोवळे अंकुर चरतो. शेतकऱ्याचे नुकसान होत नाही असे सांगून त्याला पक्षीप्रेम शिकवू गेल्यास तो आपल्या कोणत्याच गोष्टीवर विश्वास ठेवणार नाही. नुकसान मान्य करावे व उपाय सांगावा. पऱ्हाटीवर पहिले आठ-दहा दिवस जाळी किंवा दोऱ्या ताणाव्यात, रात्री दिवा किंवा राखण ठेवावी. नुकसान थोड्या दिवसांचे असते, तेवढे दिवस सांभाळले की झाले.

हरभऱ्याच्या शेतात मात्र पक्षी उघडउघड मित्र आहेत. घाटेअळी ही त्या पिकाची मुख्य शत्रू. एकरात आठ-दहा ठिकाणी पिकापेक्षा हात-दीड हात उंच काड्या इंग्रजी टी अक्षराच्या आकारात रोवून पक्षीथांबे केले, तर नीलपंख, कोतवाल, साळुंकी यांसारखे पक्षी त्यांवर बसून अळ्या टिपतात. कोतवाल व साळुंकी बारमाही आहेत, पण त्यांच्या जोडीला पाहुणेही असतात. दाणा पक्का होऊ लागला की हे थांबे काढून घ्यावेत, नाहीतर तेथेच बसून दाणे खाणाऱ्यांना आयते आसन मिळते. ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते व मग दोष पक्षीथांब्यांना दिला जातो.

भोरडीची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. गुलाबी अंगाची व काळ्या डोक्याची ही साळुंकीची बहीण मोठमोठ्या थव्यांनी येते. ज्वारीच्या प्रदेशात तिची बदनामी आहे, कारण ती कणसावर तुटून पडते. आपल्या धानाच्या जिल्ह्यात वसंतात ती पळस व सावरीच्या फुलांवर दिसते. सारी रात्र जेवणाची तयारी करून वऱ्हाड पहाटे पंगतीला बसावे, तसा त्यांचा गलका असतो. ती फुलांतील रस पिते आणि परागही इकडचे तिकडे नेते. एप्रिलात ती मध्य आशियाकडे जाते व तेथे टोळ आणि नाकतोडे यांवर पिल्ले वाढविते. चीनच्या शिनजियांग प्रांतात गवताळ कुरणांवरील टोळांच्या बंदोबस्तासाठी लोकांनी भोरड्यांना घरटी करण्याकरिता मुद्दाम दगडांचे ढीग रचून दिले आहेत. येथे जिला आपण गोफणीने हाकलतो, तिला तेथे बोलावून आणतात. दोन्ही शेतकरी आपापल्या जागी शहाणेच आहेत. फरक ऋतूचा आणि पिकाचा आहे.

लांब पंखांचा, जमिनीपासून चार-पाच हातांवर तरंगत जाणारा भोवत्या हा शिकारी पक्षी गवताळ पडीक जागी व कापणी झालेल्या बांध्यांवर हिवाळाभर फिरतो. नाकतोडे, उंदीर, सरडे हे त्याचे खाद्य. त्याच्या बाबतीत एक दूरची घटना आपण लक्षात ठेवावी. उत्तर अमेरिकेतून दक्षिणेस जाणारे एका जातीचे शिकारी पक्षी अर्जेंटिनात उन्हाळा काढतात व शेतातील नाकतोडे खातात. 1995-96 मध्ये तेथे नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस फवारले गेले आणि ते खाऊन त्या एका हंगामात अंदाजे 20,000 पक्षी मेले. नाकतोड्यांचा बंदोबस्त करणारेच नाहीसे झाले. हे औषध आपल्याकडील शेतकऱ्यांना अपरिचित नाही. दाणेदार कीटकनाशकांचा धोका वेगळा आहे. अन्न दळण्यासाठी पक्षी वाळूचे खडे गिळतात व बांधीत पडलेला औषधाचा दाणा त्यांना खड्यासारखाच दिसतो. कार्बोफ्युरान या औषधाचे 3 टक्के आवरणयुक्त दाणे सोडून बाकी सर्व प्रकार केंद्र शासनाने 2023 मध्ये बंद केले, हे ग्रामकार्यकर्त्यांनी दुकानदारांना व शेतकऱ्यांना सांगावे आणि कोठे जुना साठा विकला जात असल्यास वरिष्ठांना कळवावे.

व्यवहारात काय करावयाचे? औषध लावलेले बियाणे बांधावर सांडू देऊ नये. सांडल्यास मातीत पुरावे. दाणेदार औषध टाकावयाचेच असेल तर बांधीत पाणी बांधून ठेवावे, सुक्या चिखलावर फेकू नये. उंदरांना आमिष घातल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत, कारण भोवत्या व घुबड तेच उचलतात. फवारणीची भांडी तलावात धुऊ नयेत. आणि बदके मारण्यासाठी धानाला विष चोळून तलावाकाठी ठेवणे हा केवळ अविचार नव्हे, तो वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये गुन्हा आहे. असे मारलेले पक्षी बाजारात विकले व खाल्ले गेले, तर विष माणसाच्या ताटात येते, हे एवढे सांगितले तरी पुष्कळ गावांत काम होते.

मेलेले पक्षी एकाच ठिकाणी आढळले तर त्यांना उघड्या हाताने शिवू नये. कारण विष असेल किंवा रोग असेल. जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता. जागा, दिवस व संख्या लिहून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास आणि वनविभागास त्वरित कळवावे. कोंबड्या तेथे चरावयास सोडू नयेत.

नदीविषयी दोन शब्द. गोसेखुर्द धरणाचे पाणी मागे भंडारा-कारध्यापर्यंत फुगत असल्यामुळे पूर्वी उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या रेतीपैकी सखल पट्टे आता पाण्याखाली राहतात. खोल पाण्यावर पोहणाऱ्या बदकांना त्याचा लाभ होतो, पण उथळ काठावर चरणाऱ्या तुताऱ्यांची व रेतीवर अंडी घालणाऱ्या नदी सुरय आणि नदी टिटवी यांची जागा कमी होते. हे पक्षी पाहुणे नाहीत, येथलेच आहेत. पाहुणे निघण्याच्या वेळी, मार्च ते मे या काळात, त्यांची घरटी असतात. घरटे म्हणजे रेतीतील नुसता खळगा. उरलेल्या रेतीवर डांगरवाडी लावणाऱ्या, जनावरे नेणाऱ्या व रेती उपसणाऱ्या मंडळींना अंडी दाखवून ठेवावीत. दिसली की माणूस सहसा वळसा घेतो. तलावांचा प्रश्न बेशरम व जलपर्णी यांचा आहे. या वनस्पतींनी पाणी झाकले की तळची पाणगवते मरतात, मग मासेही कमी होतात व बदकेही. भंडारा-गोंदिया भागात काही गावांच्या मच्छीमारांनी बेशरम उपटून, उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरून, मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम केले आहे. ग्रामपंचायतींनी ते अवश्य पाहावे.

शेवटी नोंदवहीसंबंधी. दरवर्षी जानेवारीत आशियातील पाणपक्ष्यांची गणना होते, परंतु तीत पक्षी गेले केव्हा हे कळत नाही. ते गावातल्या माणसालाच कळू शकते. एक वही घ्यावी. तारीख व तिथी, ठिकाण, पक्ष्याचे नाव, अंदाजे संख्या आणि तो काय करीत होता, एवढे पाच रकाने पुरेत. नाव ठाऊक नसेल तर रंग, चोच व पाय यांचे वर्णन लिहावे. चुकीच्या नावापेक्षा बरोबर वर्णन अधिक उपयोगी पडते. येथे एक अडचण ध्यानात ठेवावी. पक्षी आला ते चटकन कळते, पण गेला ते कळत नाही, कारण शेवटचा दिवस शेवटचा होता हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते. म्हणून 1 मार्चपासून रोज, किंवा निदान एक दिवसाआड, एकाच जागी एकाच वेळी पाहावे, आणि काहीच दिसले नाही तरी 'दिसले नाही' असे लिहावे. शाळेतील मुले हे काम फार चांगले करतात. विजेच्या तारेवर बसलेल्या माळभिंगऱ्या मोजण्यापासून त्यांना सुरुवात करून द्यावी. एप्रिलमध्ये एके सकाळी तार रिकामी दिसेल.

वही तेथे बंद करू नये. मे महिन्यात जंगलाच्या कडेला रंगीबेरंगी नवरंग घरट्यासाठी येऊ लागेल, आणि मृगाच्या आगेमागे आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून चातक येईल. त्याची पहिली हाक कोणत्या तारखेस ऐकली व त्यानंतर पेरणीजोगा पाऊस किती दिवसांनी पडला, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहावेत.